‘फॉरमॅट मारावा लागेल’ : पुण्यातल्या घरगुती संगणकांची दोन दशकं

अपडेट चालू असताना संगणक गोठला की पुण्यातल्या घरांत गेली वीस-बावीस वर्षं एकच वाक्य ऐकू येतं : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेल्या पेंटियमच्या काळात ते होतं, आणि आज लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलात तरी बऱ्याच ठिकाणी तेच ऐकायला मिळतं. दुरुस्तीचं काम करताना जे पाहिलं त्यावरून माझं मत ठाम आहे. पुणेकरांचं जेवढं नुकसान या वाक्यानं केलं, तेवढं अपडेटनं केलेलं नाही.

घरगुती वापरणाऱ्याला अपडेटची गरज पहिल्यांदा जाणवली ती ऑगस्ट २००३ मध्ये, ब्लास्टर नावाच्या वर्ममुळे. पडद्यावर एका मिनिटाची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. मायक्रोसॉफ्टनं त्यावरचा उपाय जुलैमध्येच दिला होता, घरोघरच्या यंत्रांत मात्र तो पोचला नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट देण्याची पद्धत सुरू झाली. अमेरिकेतल्या मंगळवारी सकाळी सुटलेलं अपडेट आपल्याकडे रात्री उशिरा येतं, म्हणजे घरातल्या संगणकावर ते बुधवारी उतरतं. आणि गुरुवार हा पुण्यात महावितरणच्या देखभालीचा वार. बुधवारी रात्री उतरलेलं अपडेट गुरुवारी सकाळी बसायला लागावं आणि नेमके त्याच वेळी दिवे जावेत, हा योग या शहरात वारंवार जुळून येत असे.

त्या काळी अपडेट उतरवणं हेच मोठं काम होतं. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. त्याची पूर्ण फाइल २६० एमबीच्या पुढे होती, म्हणजे डायलअप मोडेमवर पंधरा तासांच्या आसपास फोन अडकवून ठेवायचा. संगणक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी म्हणूनच हातोहात फिरायच्या. २००५ मध्ये बीएसएनएलचं डाटावन ब्रॉडबँड आलं. त्यातल्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ हा वेळ मोजला जात नसे, म्हणून लोक संगणक रात्रभर चालू ठेवू लागले. बऱ्याच घरांत विंडोजची प्रत अस्सल नव्हती. २००५ मध्ये अस्सलपणाची तपासणी सक्तीची झाल्यावर घाबरून लोकांनी अपडेटच बंद केलं. सुरक्षेची अपडेट अशा यंत्रांनाही आपोआप मिळत होती, पण हे सांगणारं कोणी भेटलं नाही. त्या भीतीपायी कित्येक यंत्रं वर्षानुवर्षं उघडी राहिली.

विजेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथल्या अडकलेल्या अपडेटची मुळं बहुतेकदा तिथेच सापडत. २००५ च्या सुमारास राज्यभर भारनियमन वाढलं. पुण्यात २००६ मध्ये उद्योगांचे स्वतःचे जनरेटर चालवून शहराला भारनियमनातून सोडवण्याचा प्रयोग झाला, ‘पुणे मॉडेल’ या नावानं तो देशभर गाजला. तरी अधूनमधून वीज जाणं थांबलं नाही. अपडेट बसत असताना जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल येत असते. नेमकी तेव्हा वीज गेली तर काही फाइली नव्या, काही जुन्या असं अर्धवट यंत्र शिल्लक राहतं आणि पुढच्या वेळी ते विंडोजच्या चिन्हावरच थांबतं. म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस जवळपास प्रत्येक टेबलाखाली आला. त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, हे मात्र कोणी लक्षात ठेवत नसे. दिवा हिरवा दिसे, वीज गेली की यूपीएस क्षणात मान टाके.

आणखी एक साधं कारण नेहमी नजरेतून सुटायचं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. तारीख चुकली की सर्व्हरची सुरक्षित ओळख पटत नाही आणि अपडेट पुढेच सरकत नाही. वीस-तीस रुपयांचा सेल बदलून जे काम झालं असतं, त्यासाठी सगळी डिस्क पुसली गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

पुसल्यानं काय जायचं? फोटो जायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मराठी घरातलं एक निराळं नुकसान होतं, त्याची नोंद कुठेच झाली नाही. सदाशिव-नारायण पेठेतले निवृत्त शिक्षक, छोट्या संस्थांचे कार्यवाह, घरी बसून मजकूर जुळवणाऱ्या बायका, ही मंडळी मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये लिहीत. दोन्ही प्रणाली पुण्यातल्याच. त्यांतले फॉन्ट युनिकोड पद्धतीचे नव्हते. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला की फाइल शाबूत असूनही उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसे. घराण्याची वंशावळ, मंडळाची इतिवृत्तं, अप्रकाशित लेखन असं किती काही ‘करप्ट झालंय’ म्हणून टाकून दिलं गेलं! योग्य फॉन्ट पुन्हा बसवला असता, तर त्यातलं पुष्कळसं वाचता आलं असतं. याची खंत मला आजही वाटते.

पुढच्या काळात दोष विजेकडून अपडेटकडेही सरकला, हे मान्य करायला हवं. २०१५-१६ मध्ये विंडोज ७ नुसतं अपडेट शोधत तासन् तास फिरत राही. विंडोज १० च्या ऑगस्ट २०१६ च्या अपडेटनंतर काही यंत्रं गोठू लागली. विंडोज एसएसडीवर आणि बाकीचा साठा दुसऱ्या डिस्कवर असलेली ती यंत्रं होती. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या दोषावरचं अपडेट बसल्यावर एएमडीची काही जुनी यंत्रं सुरूच होईनात. शिवाय अँटिव्हायरसनं सुसंगततेची खूण रजिस्ट्रीत केल्याशिवाय ते अपडेट मिळतच नव्हतं. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटनं तर काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच पुसल्या, आणि काही दिवसांत ते थांबवावं लागलं.

या सगळ्या अनुभवातून उपायांचा क्रम ठरत गेला. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा हलत नसला तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर थांबावं. जुन्या हार्ड डिस्कवर दोन-तीन तास लागू शकतात. दिवा अजिबात लुकलुकत नसेल तर प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क काढावी आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करावं. विंडोज १० आणि ११ दोन-तीनदा सुरू होता होता अडखळलं की दुरुस्तीचा पडदा स्वतःहून समोर आणतं. तिथून शेवटचं अपडेट काढता येतं किंवा सेफ मोडमध्ये जाता येतं. मग सी ड्राइव्हवर जागा किती आहे ते पाहावं, तारीख तपासावी, सिस्टिमच्या फाइली तपासणारी आज्ञा चालवावी. डिस्कच आजारी असेल तर आधी तिच्यावरचं सगळं दुसरीकडे न्यावं आणि मग एसएसडी घालावी. पुसणं अगदी शेवटी, तेही नक्कल हाती आल्यावर.

एक गोष्ट पुण्याच्या बाजूनं सांगायला हवी. दुरुस्ती करता करता मूळ रोग शोधण्याची वृत्ती याच शहरात होती. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे भाऊ संजय यांनी त्याच दुकानदारीतून क्विक हील उभं केलं. ती वृत्ती आज गल्लीतल्या दुकानांत कमी दिसते, याचं वाईट वाटतं.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केलेल्या घरगुती यंत्रांना सुरक्षेची अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेली यंत्रं विंडोज ११ च्या नियमात बसत नाहीत, पण चालतं यंत्र भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स उत्तम चालतं. खरोखरच निकामी झालं असेल तर डिस्क काढून ठेवा आणि बाकीचं ‘स्वच्छ’सारख्या संस्थेच्या ई-कचरा संकलनात द्या. घरात श्रीलिपीतल्या किंवा आयएसएममधल्या जुन्या फाइली असतील, तर फॉन्ट चालतो आहे तोवर त्या युनिकोडमध्ये करून घ्या. आणि पुढचं अपडेट सुरू करण्याआधी फोटो आणि लेखन दुसऱ्या डिस्कवर उतरवा. दुरुस्तीवाल्यानं ‘फॉरमॅट’ म्हटलं, तर आधी त्याला कारण विचारा.