नाव हजारांचे, शेत एकाचे

30 जून 1922 रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समध्ये यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत स्फोट झाला आणि आयर्लंडच्या अभिलेखागारातली शतकांची दप्तरे जळून गेली. 1821 ते 1851च्या जनगणनेच्या बहुतेक वह्या त्यातच गेल्या. पुढच्या चार जनगणनांचे कागद तर सरकारने आधीच स्वतःच्या हाताने नष्ट केले होते. त्यामुळे बोस्टनहून किंवा सिडनीहून खापरपणजोबांचा माग काढणारा माणूस 1901च्या जनगणनेपाशी येऊन अडतो.

त्याआधीचा मोठा आधार म्हणजे रिचर्ड ग्रिफिथने 1847 ते 1864 या काळात कर आकारणीसाठी केलेली पाहणी. तिच्यात घर किंवा जमीन धारण करणाऱ्याचे नाव आहे. वय नाही, मुलाबाळांचा उल्लेख नाही. आणि पॅट्रिक मर्फी तर ढिगाने! त्यांतला आपला कोणता, हे ठरवायला नावापुढचा नकाशा क्रमांक उपयोगी पडतो. सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखा तो थेट जमिनीच्या तुकड्यावर नेऊन सोडतो.

हे शक्य झाले ते त्याआधीच्या मोजणीमुळे. 1824मध्ये थॉमस कोल्बीच्या हाताखाली ती सुरू झाली आणि 1846पर्यंत साऱ्या बेटाचे नकाशे मैलाला सहा इंच या प्रमाणात छापून झाले. साठ हजारांहून अधिक ‘टाउनलँड’, म्हणजे तिथला जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत विभाग, त्यांवर आहेत. लॉक फॉइलजवळची पायारेषा, म्हणजे साऱ्या मोजणीचा आधार असलेली रेषा, मोजायला कोल्बीने पितळ आणि लोखंडाच्या जोडपट्ट्या वापरल्या. ऊन-थंडीने धातूची लांबी बदलली, तरी पट्टीवरच्या दोन खुणांमधले अंतर तेवढेच राही. जॉर्ज एव्हरेस्टने हे काम 1829मध्ये तिथे जाऊन पाहिले आणि तशाच पट्ट्या पुढे भारतातल्या मोजणीत वापरल्या.

आता हे नकाशे स्कॅन झाले आहेत. जुन्या नकाशावर आणि आजच्या उपग्रहचित्रावर दोन्हीकडे सापडणारी ठिकाणे, चर्च, पूल, रस्त्यांचे फाटे, एकमेकांशी जुळवली की संगणक उरलेला कागद ताणून-वाकवून जागेवर बसवतो. टाउनलँडच्या सीमा फारशा बदललेल्या नाहीत, हे संशोधकाचे नशीब. मग दोन आवृत्त्या एकमेकींवर ठेवता येतात. 1830च्या दशकातल्या नकाशावर दाटीने बसलेली घरे दिसतात. 1888 ते 1913 दरम्यानच्या पंचवीस इंची नकाशात कित्येकदा तिथे नुसती शेते असतात. मधल्या काळात, 1845पासून, बटाट्यावरच्या रोगाने आणलेला दुष्काळ होऊन गेला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढ्यांनी तरी देश सोडला. कोणतीही यादी हे इतक्या थेटपणे दाखवत नाही, असे मला वाटते.

घाई मात्र नडते. 1901च्या जनगणनेतला घर क्रमांक गणनाकाराने दिलेला असतो. त्याचा नकाशावरच्या क्रमांकाशी संबंध नाही. ग्रिफिथचा क्रमांकही नंतर सुधारलेल्या नकाशावर शोधला, तर भलत्याच शेतात पोचवू शकतो.

क्रमांक पक्का झाला की मूल्यांकन कार्यालयाच्या फेरतपासणी वह्या उघडाव्यात. जुना धारक गेला की त्याचे नाव रंगीत शाईने खोडून नवे लिहीत, शेजारी साल टाकत. ही नोंद बहुधा उशिराच होई. म्हणून बोटीच्या प्रवासी याद्या त्या सालाच्या आधीची काही वर्षे धरून चाळायच्या.