मोरीच्या पाण्यावर परसबाग!

उन्हाळ्यात प्यायलाच पाणी नाही, बाग कुठून करायची? गावोगावी हाच प्रश्न. पण मोरीचं पाणी तर रोज गटारात जातंच ना?

🌿 मोरीचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून केळी, कर्दळीला सोडा. साबणाचं पाणी पालेभाज्या, मुळा, गाजराला मात्र नको.

🏺 रंग न दिलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भोवती दोडका, कारलं, भोपळ्याच्या बिया टोचा. मडकं भरून झाकण ठेवा. माती सुकेल तसं पाणी झिरपतं, थेट मुळाशी! झाकण विसरू नका, नाहीतर डासांची पैदास.

🍂 वाफ्यावर 3-4 इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा. ओल टिकते, तणही कमी.

🌱 बी गावरान ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी विकत घ्यावं लागत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आणि पाण्याचं म्हणाल, तर त्यांच्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत विषय काढा. सुरुवात एका मडक्यापासून करा!