साखरेवाचून गोडी : स्टीव्हिया वनस्पतीचा विचार

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका खव्याकरिता प्रसिद्ध असून कुंथलगिरीचा पेढा जिल्ह्याबाहेरही आवडीने खाल्ला जातो. मधुमेही माणसास असा पेढा वर्ज्य ठरतो. म्हणून त्यातील साखरेच्या जागी एखाद्या वनस्पतीची गोडी योजता येईल काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधताना गोडी आणि साखर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

साखर हा पदार्थ होय. गोडी ही केवळ जिभेची संवेदना होय. ती जागविणारी द्रव्ये अनेक वनस्पतींत आढळतात. विड्यात घातला जाणारा गुंजेचा पाला अब्रुसोसाइड नावाच्या द्रव्यांमुळे गोड लागतो, तर ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसरायझिनपासून येते. परंतु त्याच गुंजेच्या बियांत अब्रिन हे जहाल विष असते. आणि ज्येष्ठमध नित्य व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. वनस्पतिज असणे ही निर्धोकपणाची हमी नव्हे.

या वनस्पतींपैकी आज सर्वाधिक प्रचारात आलेली स्टीव्हिया होय. तिला ‘गोड तुळस’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी ती तुळशीच्या नव्हे, तर करडई व सूर्यफूल यांच्या कुलातील आहे. पॅराग्वे देशातील ग्वारानी लोक तिची पाने फार पूर्वीपासून पेयांत वापरीत आले आहेत. बर्टोनी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि १९३१ मध्ये दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून स्टेव्हिओसाइड वेगळे केले. हे द्रव्य साखरेच्या सुमारे २५० पट गोड आहे. ते लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे स्टेव्हिऑलमध्ये रूपांतर करतात व अखेर ते मूत्रावाटे बाहेर पडते. त्यामुळे रक्तातील साखर त्याने वाढत नाही. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे प्रतिदिनी ४ मिलिग्रॅम (स्टेव्हिऑलच्या हिशेबाने) ही मर्यादा ठरविली आणि २०१५ मध्ये भारतात त्याच्या वापरास मान्यता मिळाली. ही मर्यादा शुद्ध केलेल्या द्रव्यास उद्देशून आहे, घरच्या पाल्याच्या भुकटीस नव्हे.

आता पेढ्याकडे वळू. एक किलो खव्यात ३०० ग्रॅम साखर घातली जाते असे धरले, तर तेवढ्याच गोडीस स्टेव्हिओसाइड सव्वा ग्रॅमहून कमी पुरेल. परंतु उरलेल्या २९९ ग्रॅमांची उणीव कोण भरून काढणार? साखर पेढ्याला वजन व पोत देते. शिवाय पदार्थातील पाणी बांधून ठेवून बुरशीस अटकाव करते. ती काढून घेतल्यास पेढा लवकर खराब होतो. दुसरे असे की, खव्यात दुधाची स्वतःची साखर व स्निग्धांश असतातच. तेव्हा ‘बिनसाखरेचा’ म्हणून विकला जाणारा पेढा मधुमेही माणसाने मनसोक्त खावा, हा समज घातक होय. याउलट चहा वा सरबत यांत साखरेचे काम गोडी देण्यापुरतेच असते. तेथे स्टीव्हिया निश्चित उपयोगी पडते. मात्र वजन घटविण्याचे साधन म्हणून बिनसाखरी गोडद्रव्ये वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचविले आहे, आणि त्यांत स्टीव्हियाचाही समावेश आहे.

शेतीच्या दृष्टीनेही सावधगिरी इष्ट ठरते. उसास पाणी फार लागते, म्हणून अवर्षणप्रवण धाराशिवात स्टीव्हिया लावावी, असा विचार सुचणे स्वाभाविक आहे. पण स्टीव्हिया ही कोरडवाहू वनस्पती नाही. तिला थोडे पण वारंवार पाणी द्यावे लागते, साचलेले पाणी तिला मानवत नाही, आणि बियांची उगवण कमी असल्याने लागवड बहुधा छाटकलमांनी करावी लागते. पाने वाळवून त्यांतील द्रव्य शुद्ध करणारा कारखाना व खात्रीचा ग्राहक जवळ नसेल, तर केवळ पाल्याचे पीक शेतकऱ्यास तारणार नाही.

सारांश, स्टीव्हिया साखरेची गोडी देऊ शकते; साखरेची इतर कामे ती करीत नाही. हा भेद ओळखूनच मधुमेही माणसाने, हलवायाने व शेतकऱ्याने तिचा स्वीकार करणे हिताचे ठरेल.