चूक सुधारली, पण ऐकली कोणी?
(फ्रेंचचा वर्ग, ध्वनिमुद्रण आणि अध्यापकाचे आत्मपरीक्षण)

भाषा शिकवणाऱ्या अध्यापकाला आपल्या तासाविषयी जे वाटते आणि तासात प्रत्यक्ष जे घडते, यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. अमेरिकेत 1987 मध्ये अध्यापनाच्या मानकांसाठी एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. हायस्कूलच्या फ्रेंच शिक्षकाला हे मंडळ प्रमाणपत्र देते, तेव्हा लेखी परीक्षेबरोबर त्याच्या वर्गाची चित्रफीत मागते आणि त्या चित्रफितीवर त्याने स्वतः लिहिलेले विवेचनही मागते. ‘पाठ समाधानकारक झाला’ एवढ्यावर तेथे भागत नाही. विद्यार्थ्यांकडून काय घडले, आपण काय केले, का केले आणि पुन्हा संधी मिळाल्यास काय बदलू, हे लिहावे लागते. असा शिक्षक आपलीच फीत ऐकायला बसला, तर त्याच्या कानी काय पडेल?

एक उदाहरण घेऊ. फ्रेंचमध्ये पूर्ण भूतकाळ सहायक क्रियापदाने होतो. बहुतेक क्रियापदांना ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) हे सहायक लागते. परंतु जाणे, येणे, जन्मणे अशा थोड्या क्रियापदांना ‘एत्र’ (असणे) लागते. म्हणून ‘मी गेलो’ याला ‘झ स्वी आले’ म्हणायचे. नवशिका विद्यार्थी हमखास ‘झे आले’ म्हणतो. शिक्षक हसून म्हणतो, ‘आ, त्यू ए आले ओ सिनेमा?’ म्हणजे ‘अच्छा, तू सिनेमाला गेलास?’ शिक्षकाच्या मते चूक सुधारली गेली. विद्यार्थी ‘वी’ (होय) म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ‘झे आले’!

चुकीचे वाक्य शिक्षकाने स्वतःच बरोबर करून बोलणे, याला आपण पुनर्मांडणी म्हणू. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच प्रश्नाचा आहे. मॉंट्रियल परिसरात इंग्रजीभाषक मुले इतर विषयही फ्रेंचमधून शिकतात, अशा प्राथमिक वर्गांतील सुमारे 18 तासांचे संभाषण त्यांनी उतरवून तपासले. शिक्षकांनी केलेल्या सुधारणांपैकी 55 टक्के पुनर्मांडणीच्या होत्या. त्यांतील केवळ 31 टक्क्यांनंतर विद्यार्थ्याने सुधारणेची काही दखल घेतलेली दिसली. याउलट उत्तर विद्यार्थ्याकडूनच काढून घेण्याची रीत 14 टक्केच वापरली गेली. पण तेथे प्रत्येक वेळी विद्यार्थ्याने दखल घेतली. अर्थात दखल म्हणजे दुरुस्ती नव्हे. तेथेही निम्म्याहून कमी वेळा चूक खरोखर दुरुस्त झाली.

असे का व्हावे? लिस्टर यांनी 1998 मध्ये याचे कारण दाखवले. शिक्षक बरोबर वाक्यही त्याच सुरात पुन्हा उच्चारतो आणि चुकलेलेही. मुलाला ती शाबासकी वाटते. आशय पोहोचला, म्हणजे काम झाले. शिवाय अमेरिकेतील परदेशी भाषा अध्यापकांच्या परिषदेने 2010 मध्ये वर्गातील किमान 90 टक्के व्यवहार शिकायच्या भाषेतच व्हावा अशी शिफारस केली. ती रास्तच आहे. परंतु ओघ तुटू नये म्हणून शिक्षक पुनर्मांडणीकडे अधिकच वळतो, असे मला वाटते.

येथे एक सावधगिरी हवी. शीन यांच्या 2004 च्या तुलनेत न्यूझीलंड व कोरियातील इंग्रजीच्या वर्गांत पुनर्मांडणीची दखल बरीच अधिक घेतली गेल्याचे आढळले. म्हणजे रीत वाईट नाही; वर्गाचे लक्ष कशावर आहे, यावर ती अवलंबून आहे.

दुसरी रीत सोपी वाटते, पण ती शिक्षकालाच जड जाते. ‘इयेर, झ…’ (‘काल मी…’) एवढे म्हणून थांबायचे. हे थांबणेच कठीण! मेरी बड रो यांना 1970 च्या दशकात अमेरिकेतील विज्ञानाच्या तासांत आढळले, की प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबल्यास उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात.

आता आपल्याकडे येऊ. बेळगाव भागातील आमच्या उर्दूच्या वर्गात घरी दखनी बोलणारी मुले अधिक. त्यांचे वाक्य असते, ‘मैं किताब पढ़ा’. मी वर्षानुवर्षे ‘अच्छा, तुमने किताब पढ़ी?’ म्हणत आलो. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना सांगून मोबाइलवर पंधरा मिनिटे मुद्रित केली. अशा सात सुधारणा मोजल्या. सातही वेळा उत्तर ‘जी सर’!

आमची अडचण फ्रेंच शिक्षकापेक्षा नाजूक आहे. ‘झे आले’ ही चूकच. पण ‘मैं पढ़ा’ ही दखनीत चूक नाही. ‘ने’ न लावणे ही त्या बोलीची रीतच आहे, आणि दखनीचे साहित्य दिल्लीच्या उर्दू गझलेहून जुने आहे. ‘गलत’ म्हटले, की मुलाच्या घरालाच गलत म्हटल्यासारखे होते. म्हणूनच बहुधा मी गुपचूप सुधारत राहिलो. त्यात सभ्यता होती. अध्यापन किती होते, याची आता शंका वाटते.

उपाय मराठीतच सापडला. ‘मी भाकरी खाल्ली’ येथे क्रियापद भाकरीप्रमाणे चालते, पण ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. ‘त्याने भाकरी खाल्ली’ येथे मात्र लागतो. फळ्यावर तीन वाक्ये लिहिली: दखनीचे, मराठीचे आणि लेखी उर्दूचे. फरक मुलांनीच सांगितला. यापुढे परीक्षेच्या उर्दूत बोलायचे असेल तेव्हा मी ‘किताबी?’ एवढेच विचारीन आणि थांबेन, असे ठरले.

महिन्याने पुन्हा मुद्रण केले. एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘मैं किताब पढ़ी.’ मी ‘किताबी?’ म्हणून थांबलो. फितीवर ती शांतता फार लांब वाटते. मग ती म्हणाली, ‘मैं… मैंने किताब पढ़ी.’ आणि लगेच पुढे, ‘फिर मैं चाय पी.’ मागच्या बाकावरून दुसरीच कोणी हळूच म्हणाली, ‘मैंने.’ वर्गात मला हे ऐकूच आले नव्हते.