बॉक्स फोडा, बीटर कपाटातच राहू द्या

मराठी मंडळाच्या पॉटलकला गोड काय न्यायचं, असं कोणी विचारलं की मी बेधडक सांगते, डम्प केक करा. मी न्यू जर्सीत राहते. इथे नव्याने आलेली मुलंमुली असोत की नातवंडं सांभाळायला आलेले आजी-आजोबा, ओव्हनची ओळख करून द्यायला मला याहून चांगला पदार्थ माहीत नाही. बीटर लागत नाही, वाडगं लागत नाही आणि अंडंही लागत नाही. अंडं न खाणाऱ्या घरांसाठी तर ही मोठीच सोय.

काचेचा 9 बाय 13 इंचांचा ट्रे घ्या. त्याला तुपाचा हात फिरवून बारीक अननसाचा 20 औंसांचा डबा रसासकट ओता. त्यावर चेरी पाय फिलिंगचा 21 औंसांचा डबा पसरा. मग यलो केक मिक्सचा बॉक्स फोडून पावडर तशीच कोरडी भुरभुरा आणि हाताने सारखी करा. ढवळायचं अजिबात नाही. शेवटी दीड स्टिक, म्हणजे 170 ग्रॅम बटरचे पातळ काप वर जवळजवळ मांडा. ट्रे 350 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे 175 अंश सेल्सिअसवर, 50 मिनिटांच्या आसपास ठेवा.

ट्रे काचेचा घ्यायला सांगते, कारण आतला कारभार दिसतो. आधी कडेचा रस खदखदू लागतो. लालसर बुडबुडे काचेला घासत वर चढतात आणि पावडरीची खालची कड ओली करतात. वरून बटर वितळत खाली झिरपतं. दोन्हीकडून भिजलेली पावडर मधल्या मध्ये भाजली जाते. म्हणून वरचा थर खरपूस होतो, खालचा मऊसर. याच्या सुबक वड्या पडत नाहीत, चमच्याने वाढायचा असतो. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम हवंच.

बीटरशिवाय हे जमतं कसं? घरी सगळं मोजून केक करतो तेव्हा लोणी आणि साखर फेटून आपण त्यात हवा भरतो. बॉक्समध्ये मैदा आणि साखरेबरोबर फुगवणारी पावडर आधीच असते. बहुतेक मिक्समध्ये पाणी आणि स्निग्धांश एकजीव ठेवणारे घटकही असतात. आपल्याला फक्त ओलावा आणि स्निग्धांश पुरवायचा असतो. वर पांढरे कोरडे डाग राहिले तर तिथे बटर पोचलं नाही असं समजा. त्यावर थोडं वितळलेलं बटर सोडून ट्रे पुन्हा आत ठेवा. ते डाग कच्चे खाऊ नका. मैदा कच्चा असतो आणि त्यात जंतू असू शकतात.

अंड्याचा प्रश्न तर या बॉक्सइतकाच जुना आहे. पिट्सबर्गची डफ कंपनी मोलॅसिसचा, म्हणजे काकवीचा धंदा करायची. काकवी सुकवून मैद्यात मिसळायची, वर नुसतं पाणी घालायचं की जिंजरब्रेड तयार, अशा मिश्रणाचं पेटंट जॉन डफ यांना 1933 मध्ये मिळालं. त्यात अंड्याची पूडही होती. पण गृहिणींना ताजं अंडं स्वतः घालायला आवडतं, असं कंपनीने 1935 च्या पेटंटमध्येच नोंदवलं. ताजं अंडं घालायला लावण्याच्या या कल्पनेचं श्रेय पुढे 1950 च्या दशकातल्या अर्नेस्ट डिख्टर या मानसतज्ज्ञाला दिलं गेलं, पण पेटंटचे ते कागद त्याच्या आधीचे आहेत.

अंड्याशिवाय आणखी दोन प्रकार सोपे आहेत. स्पाइस केक मिक्समध्ये साध्या भोपळ्याच्या गराचा 15 औंसांचा डबा चमच्याने कालवा. दाट, ओलसर मफिन होतात. कोणत्याही मिक्समध्ये सोड्याचा 12 औंसांचा कॅन ओतून हाताने ढवळलं तर हलका केक होतो. तो भुसभुशीत असतो, म्हणून पूर्ण गार झाल्यावरच कापा. एंजल फूड मिक्समध्ये मात्र अंड्याच्या पांढऱ्याची पूड असते. अंडं वर्ज्य असेल तर लेबल वाचल्याशिवाय कुठलाच बॉक्स घेऊ नका.

वजनही बघा. जुन्या कृती 18.25 औंसांच्या बॉक्ससाठी लिहिल्या आहेत, आता 15.25 आणि 13.25 औंसांचे बॉक्स असतात. बॉक्स लहान तर फळं आणि रसही थोडा कमी घ्या, नाहीतर केक पचपचीत होतो. भारतात मिळणारी एगलेस मिक्सची पाकिटं बऱ्याचदा याहून लहान असतात, तिथेही हाच हिशेब.

एकदा हा हिशेब हातात बसला की फळं तुमच्या मनासारखी बदला. मी इंडियन ग्रोसरीतला हापूसचा पल्प घालते. तो दाट असतो, एकट्याने पावडर भिजवू शकत नाही. म्हणून चेरीच्या जागी दोन कप पल्प घेऊन अननसाचा डबा रसासकट तसाच ठेवते आणि वेलदोड्याची पूड टाकते. पीच घ्या, सफरचंद घ्या. खालून रस आणि वरून बटर पुरेसं पोचतंय ना, एवढंच बघा.