एका स्विचवर चार तालुके

क्लस्टर म्हणजे अनेक संगणक जाळ्यानं जोडून एकच काम त्यांच्यात वाटून देणं. त्यासाठी थंडगार सर्व्हर रूम लागत नाही. कार्यालयांतून मोडीत निघालेले चार सारखे डेस्कटॉप, आठ पोर्टचा गिगाबिट स्विच, चार केबल आणि पेन ड्राइव्हवर डेबियन लिनक्स, एवढ्यावर वाशीममधल्या एखाद्या घराच्या माडीवर ते उभं राहतं. ‘सारखे’ हा शब्द मात्र हलक्यानं घेऊ नका. एक यंत्र मंद असेल आणि काम समान वाटलं, तर तीन यंत्रं आपला वाटा उरकून चौथ्याची वाट बघत बसतात.

साध्या संगणकांचा असा जथा १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बांधला. ४८६ जातीच्या प्रोसेसरची १६ यंत्रं, वर लिनक्स, नाव ‘बेओवुल्फ’. त्यांची अडचण प्रोसेसरची नव्हती, तारेची होती. १० मेगाबिटचं इथरनेट अपुरं पडू लागलं, तेव्हा त्यांनी वाहतूक एकाहून जास्त तारांवर विभागली. त्याआधी, १९९१ मध्ये, पुण्याच्या सी-डॅकनं ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला होता. त्यात वापरलेल्या ट्रान्सप्युटर चिपमध्ये शेजाऱ्यांशी बोलायच्या चार जोडण्या मुळातच होत्या. त्या प्रकल्पाचे प्रमुख विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. हा तालुका वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाला लागूनच आहे, आणि १९९८ पर्यंत वाशीमही अकोला जिल्ह्यातच होतं. तेव्हा या विषयावर आपल्या भागाचा थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

आता बांधणी. चारही यंत्रांवर डेबियनची एकच आवृत्ती टाका, डेस्कटॉपविना. खिडक्या-आयकॉनांवर मेमरी घालवण्यात अर्थ नाही. यंत्रांना जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं द्या: वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा. वाशीम हे मुख्यालय, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा तिथंच. बाकी तिघांना फक्त वीज आणि केबल. प्रत्येकाला कायमचा आयपी पत्ता द्या आणि चारही नावं-पत्ते प्रत्येक यंत्राच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहा. इथं एक खोच आहे. डेबियन त्या फाइलमध्ये यंत्राच्या स्वतःच्या नावापुढे १२७.०.१.१ हा पत्ता लिहून ठेवतो. ती ओळ राहिली, तर रिसोड आपला पत्ता म्हणून इतरांना असा पत्ता सांगू शकतो, जो त्याच्या स्वतःच्या पोटातच संपतो. ओळ काढून टाका.

पुढे चारही ठिकाणी एकाच नावाचा आणि एकाच ओळखक्रमांकाचा वापरकर्ता हवा. क्रमांक वेगळे पडले, तर फाइलींचे मालक बदलतात आणि परवानग्यांचा गोंधळ उडतो. वाशीमवरची होम डिरेक्टरी, म्हणजे वापरकर्त्याच्या फाइलींची जागा, जाळ्यावरून फाइली दाखवणाऱ्या एनएफएसनं इतर तिघांना वाटा. मग प्रोग्राम एकदाच ठेवला, की सगळीकडे दिसतो. दुसऱ्या यंत्रात शिरायच्या एसएसएचची किल्लीही एकदाच बनवून अधिकृत किल्ल्यांच्या यादीत घातली, की पासवर्डशिवाय कुठूनही कुठंही जाता येतं. शेवटी यंत्रांमधले निरोप पोचवणारं ओपन-एमपीआय बसवा आणि एका साध्या फाइलमध्ये कोणत्या यंत्रात किती कोअर आहेत ते लिहा. पहिली चाचणी म्हणून त्याच्या एमपीआयरन या आज्ञेला प्रत्येक यंत्रावर फक्त ‘होस्टनेम’ चालवायला सांगा. पडद्यावर चारही तालुके उमटले, की क्लस्टर तयार. त्यांचा क्रम दर वेळी वेगळा लागू शकतो. ते बरोबरच आहे, कारण कुणी कुणासाठी थांबलेलं नसतं.

खरी मजा वेळ मोजण्यात आहे. यादृच्छिक बिंदू टाकून पायची किंमत काढणारा प्रोग्राम चालवा. प्रत्येक यंत्र आपापले बिंदू टाकतं, शेवटी फक्त बेरीज होते, म्हणून वेग जवळजवळ चौपट होतो. सगळी कामं अशी नसतात. सोयाबीनच्या सोंगणीला माणसं वाढवली, की वावर लवकर मोकळं होतं, पण हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, एकच असेल तर गंजी त्याच्याच वेगानं निघते. दहा तासांच्या कामातला एक तास वाटताच येत नसेल, तर चार यंत्रांवर ते सव्वातीन तास घेतं, आणि हजार यंत्रं लावली तरी तासाखाली येत नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा हाच.

त्यात बोलण्याचा खर्च वेगळा. पत्र्यावर उष्णता कशी पसरते, हे काढायचं असेल तर पत्र्याचे चार तुकडे करून वाटतात, आणि प्रत्येक पायरीला शेजारच्या तुकड्याच्या कडेचे आकडे मागावे लागतात. मेमरीतून आकडा आणायला सुमारे १०० नॅनोसेकंद पुरतात. इथरनेटवरच्या निरोपाला त्याच्या शेकडो पट वेळ जातो. पत्रा लहान असेल तर चार यंत्रं मिळून एकट्या वाशीमपेक्षा मागे पडतात, आणि नवखा माणूस केबल बदलत बसतो. पत्रा मोठा करून पाहा. बाजू दुप्पट केली, की हिशेब चौपट होतो, पण कडा दुप्पटच वाढते. मग क्लस्टर पुढे जातं.

वेगच हवा असेल, तर आजचा एक चांगला प्रोसेसर या चार जुन्यांना सहज मागे टाकेल. हा खटाटोप शिकण्यासाठी. ब्लेंडरमधल्या ॲनिमेशनच्या फ्रेमा वाटून रंगवणं हा एक खरा उपयोग, कारण तिथं यंत्रांना एकमेकांशी बोलावंच लागत नाही.

विजेचं आधीच ठरवा. पूर्ण भारावर चार यंत्रं मिळून ३०० वॅट धरले, तर दहा तासांत तीन युनिट. खरी अडचण लोडशेडिंगची. एक यंत्र गेलं तरी एमपीआयचं सगळं काम सहसा कोसळतं, म्हणून प्रोग्रामनं दर काही मिनिटांनी मधला हिशेब डिस्कवर लिहिलाच पाहिजे. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल, तर तेच वापरा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणाऱ्या क्षणात संगणक बंद पडू शकतो. मे महिन्यात मोठी कामं रात्री लावा. तापलेला प्रोसेसर आपणहून मंदावतो, आणि एक मंदावला की चौघंही मंदावतात. यंत्रं कूलरच्या ओल्या झोतात मात्र ठेवू नका.

बंद करताना रिसोड, मालेगाव, कारंजा आधी आणि वाशीम शेवटी. उलट केलं, तर तिघंही नाहीशा झालेल्या होम डिरेक्टरीची वाट पाहत अडकून बसतात.