देवीकुळम : एका मतदारसंघाची जडणघडण

विधानसभेचा मतदारसंघ म्हणजे नकाशावर आखलेली एक सीमारेषा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु त्या रेषेच्या आत कोण राहतात, ते तेथे केव्हा व कशासाठी आले आणि त्यांना तेथील रहिवासी म्हणून कोणी मान्य केले, या प्रश्नांवर मतदारसंघाचे खरे स्वरूप अवलंबून असते. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील देवीकुळम मतदारसंघाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

दक्षिण भारतातील सर्वोच्च शिखर आनमुडी (२,६९५ मीटर) याच प्रदेशात आहे. मुतुवान ही येथील जुनी आदिवासी जमात. १८७७ मध्ये जॉन मन्रो या ब्रिटिश गृहस्थाने पूंजारच्या राजघराण्याकडून येथील विस्तीर्ण डोंगराळ भूमी मिळविली. पुढे तेथे चहाचे मळे उभे राहिले आणि त्यांसाठी घाटाच्या पूर्वेकडील कोरडवाहू तमिळ मुलखातून मजूर आणण्यात आले. 'कंगाणी' म्हणजे मुकादम त्यांची भरती करीत. या मजुरांत दलितांची संख्या मोठी होती. राहण्यासाठी त्यांना मळ्यावरच चाळी बांधून देण्यात आल्या. त्यांना तेथे 'लयम' म्हणतात. ही घरे मजुरांच्या मालकीची नसतात. कुटुंबातील कोणीच मळ्यावर कामास उरले नाही, तर घर सोडावे लागते. जेथे तीन-तीन पिढ्या राबल्या तेथे स्वतःची वीतभर जमीनही नाही, अशी ही स्थिती आहे.

भाषावार प्रांतरचनेच्या काळात हा प्रश्न प्रथम ऐरणीवर आला. देवीकुळम तालुक्यात तमिळ भाषकांची बहुसंख्या असल्यामुळे तो मद्रास राज्यात जावा, अशी त्रावणकोर तमिळनाडू काँग्रेसची मागणी होती. याच सुमारास, १९५५ मध्ये, त्रावणकोर-कोचीन सरकारने डोंगरपट्ट्यात वसाहत योजना सुरू करून मल्याळी शेतकऱ्यांना मरयूर, कांतल्लूर यांसारख्या ठिकाणी जमिनी दिल्या. राज्य पुनर्रचना आयोगाने त्याच वर्षी हा तालुका केरळकडेच ठेवण्याची शिफारस केली. मळ्यांवरील मजूरवस्ती बऱ्याच अंशी फिरती आहे, हाही विचार त्यामागे होता. अशा रीतीने, ज्यांच्या श्रमावर तो प्रदेश उभा होता, त्यांचे तेथील वास्तव्य तात्पुरते गणले गेले.

१९५७ च्या पहिल्या केरळ विधानसभेच्या निवडणुकीत देवीकुळम हा द्विसदस्य मतदारसंघ होता. अशा मतदारसंघात एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असे व प्रत्येक मतदाराला दोन मते असत. येथून कम्युनिस्ट पक्षाच्या रोसम्मा पुन्नूस निवडून आल्या. नव्या विधानसभेत सर्वप्रथम शपथ त्यांनीच घेतली. परंतु बी. के. नायर यांचा उमेदवारी अर्ज चुकीने फेटाळण्यात आला होता, या कारणावरून निवडणूक न्यायाधिकरणाने त्याच वर्षी त्यांची निवड रद्द ठरविली.

१९५८ ची पोटनिवडणूक त्यामुळे साऱ्या देशाच्या कुतूहलाचा विषय झाली. १२६ जागांच्या सभागृहात कम्युनिस्ट पक्षाचे ६० सदस्य होते व पाच अपक्षांच्या पाठिंब्यावर नंबूद्रिपाद मंत्रिमंडळ तरले होते. एकेक जागा मोलाची होती. चहाच्या मळ्यांत प्रचार करावयाचा तर तो तमिळमध्येच करणे भाग होते. पावलर वरदराजन यांनी (संगीतकार इलैयाराजा यांचे हे थोरले बंधू) आपल्या तमिळ गीतांनी कम्युनिस्टांच्या सभा गाजविल्या. रोसम्मा पुन्नूस यांनी नायर यांचा सात हजारांहून अधिक मतांनी पराभव केला.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि पुढे देवीकुळम अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. तेव्हापासून येथील मुख्य लढत काँग्रेस व मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष यांच्यात, आणि खरे पाहता त्यांच्या कामगार संघटनांत, होत आली. १९९१, १९९६ व २००१ मध्ये काँग्रेसचे ए. के. मणी, तर २००६, २०११ व २०१६ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे एस. राजेंद्रन विजयी झाले. मात्र संघटना म्हणजेच मजूर, हे समीकरण २०१५ च्या सप्टेंबरात डळमळले. बोनसच्या प्रश्नावरून मुन्नारच्या स्त्री मजुरांनी सर्व संघटनांच्या पुढाऱ्यांना दूर ठेवून संप केला. 'पेंपिळै ओरुमै' म्हणजे स्त्रियांची एकजूट, हे नाव त्यांनी घेतले.

२०२१ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे ए. राजा यांनी काँग्रेसचे डी. कुमार यांचा साडेसात हजारांहून अधिक मतांनी पराभव केला व शपथ तमिळमधून घेतली. तिच्या मसुद्यात त्रुटी आढळल्याने ती त्यांना पुन्हा घ्यावी लागली. २०२३ च्या मार्चमध्ये केरळ उच्च न्यायालयाने, अर्ज भरताना राजा ख्रिस्ती होते व राखीव जागेस पात्र नव्हते, असे ठरवून त्यांची निवड रद्द केली. त्यांचे पूर्वज १९५० पूर्वी या राज्यात स्थायिक झाले होते काय, हा मुद्दाही या खटल्यात होता. कारण अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय असते. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून राजा यांचे सदस्यत्व कायम केले.

१९५७ मध्ये वाद उमेदवारी अर्जाचा होता. २०२१ नंतर तो आजी-आजोबांच्या स्थलांतराच्या वर्षापर्यंत जाऊन भिडला. मळ्यावरील मजुराला मतदानाचा हक्क प्रौढ मताधिकाराने एका दिवसात मिळाला. परंतु आपण येथलेच आहोत, हे मात्र त्याला आयोगापुढे, न्यायालयापुढे आणि लयमच्या उंबरठ्यावरही पुनःपुन्हा सिद्ध करावे लागले आहे.